पलीकडच्या काठाचं गाव : कोलोनमधल्या डॉइट्सचं प्रकरण

जुलै २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलचं नाव धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत घातलं. कॅथेड्रलच्या भिंतींना काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब सोसून उभे राहिलेले त्याचे १५७ मीटर उंचीचे दोन मनोरे शाबूत होते. धोका होता तो ऱ्हाईन नदीच्या समोरच्या काठावर, डॉइट्स या वस्तीत. तिथल्या रेल्वे स्टेशनाभोवती उंच इमारतींचा एक पुंजका उभारायचं शहराने ठरवलं होतं आणि त्यातल्या १०३ मीटरच्या एका इमारतीचं काम सुरूही झालं होतं. हे मनोरे झाले तर कॅथेड्रलचं दुरून दिसणारं रूप झाकोळेल, अशी समितीची हरकत होती. दोन वर्षं खल झाला. शहराने बाकीचे मनोरे सोडून दिले, उंचीवर मर्यादा घातली आणि २००६ मध्ये कॅथेड्रल त्या यादीतून बाहेर आलं. काम सुरू झालेली इमारत मात्र त्याच वर्षी पुरी झाली. आज तिच्या गच्चीवर तिकीट काढून लोक जातात आणि समोरचं कॅथेड्रल बघतात.

हा वाद वारसा विरुद्ध विकास असा मांडला गेला. मला त्यात तिसराच धागा महत्त्वाचा वाटतो. डॉइट्समध्ये काय बांधायचं हे ठरवताना मोजमाप लावलं गेलं ते समोरच्या काठाचं. मनोरे हवे होते ते कोलोनला व्यापारी शहर म्हणून मिरवता यावं यासाठी, आणि नको होते ते कोलोनचं कॅथेड्रल दिसावं म्हणून. डॉइट्सला स्वतःला काय हवं, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या मांडणीत मागेच राहिला. ही गोष्ट २००४ ची नाही. या वस्तीचा सतराशे वर्षांचा इतिहास चाळला तर पलीकडच्या गरजेने अलीकडचं रूप ठरतं, हा एकच क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. तो कसा चालत आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे तपासण्यासाठी हे प्रकरण.

पुलाचं टोक

कोलोनला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला तो इसवी सन ५० मध्ये. शहर ऱ्हाईनच्या डाव्या, म्हणजे पश्चिम काठावर. नदी ही साम्राज्याची हद्द आणि पलीकडे जर्मानिक टोळ्यांचा मुलूख. ३१० च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने नदीवर पूल बांधायला घेतला आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला किल्ला उभारला. जेमतेम १४० मीटर बाजूचा चौकोन, तीन मीटरांहून जाड भिंती, गोल बुरूज, आत सैनिकांच्या बराकी. किल्ल्याचं नाव दिवितिया. त्याचं काम एकच होतं, पूल राखायचा आणि पुलामागचं शहर राखायचं. म्हणजे डॉइट्सचा पहिला दगड बसला तोच दुसऱ्याच्या रक्षणासाठी.

पाचव्या शतकात रोमन सत्ता ओसरली, किल्ला फ्रँक या जर्मानिक लोकांच्या हाती गेला आणि पूल पुढे नाहीसा झाला. त्यानंतर या ठिकाणी नदीवर कायमचा पूल झाला तो थेट १८५९ मध्ये. मधल्या सगळ्या शतकांत होड्या होत्या, १६७४ पासून दोराला बांधलेला प्रवाहाच्या जोरावर ये-जा करणारा तराफा होता आणि १८२२ पासून नावा जोडून केलेला पूल. हा तपशील लक्षात ठेवायला हवा, कारण पूल नसलेली मोठी नदी दोन काठांना वेगवेगळ्या सत्तांकडे सहज ढकलते. इथे नेमकं तेच झालं.

१००२ मध्ये सम्राट तिसरा ओटो ऐन तारुण्यात वारला. त्याचा विश्वासू प्रधान हेरिबर्ट हा कोलोनचा आर्चबिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, होता. त्याने १००३ मध्ये रोमन किल्ल्याच्या भिंतींच्या आत बेनेडिक्टाइन मठ स्थापला आणि १०२१ मध्ये त्याला तिथेच पुरलं. बाराव्या शतकात रूपर्ट नावाचा मोठा धर्मपंडित या मठाचा प्रमुख होता. ११२८ मध्ये डॉइट्सला लागलेल्या आगीचं वर्णन त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. १२३० मध्ये वस्तीला शहराचे हक्क मिळाले आणि इथून डॉइट्स आपल्या पायावर उभं राहील असं वाटावं, तोच गणित बदललं. १२८८ मध्ये वोरिंगनच्या लढाईत आर्चबिशप हरला आणि कोलोनच्या नागरिकांनी शहरावरची त्याची सत्ता झुगारली. आता एका काठावर स्वतंत्र व्यापारी शहर आणि समोर त्याच शहराने हुसकावलेल्या आर्चबिशपची वस्ती. आपल्या धक्क्यांसमोर शत्रूची तटबंदी उभी राहणं कोलोनला परवडणारं नव्हतं. पुढच्या तीन शतकांत डॉइट्सचा मठ आणि वस्ती युद्धांत अनेकदा उद्ध्वस्त झाली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा जळली. आज डॉइट्समध्ये जुनं शहर असं काही दिसत नाही, त्याचं मूळ इथे आहे.

एका काठावर बंदी, दुसऱ्यावर वस्ती

या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग ज्यूंचा आहे, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

३२१ मध्ये, म्हणजे दिवितियाचा किल्ला नवा असतानाच, त्याच कॉन्स्टंटाइनने एक फर्मान काढलं. ज्यूंना नगरपरिषदेवर नेमायला परवानगी देणारं हे फर्मान कोलोनच्या परिषदेला उद्देशून होतं. आल्प्सच्या उत्तरेला ज्यू राहत असल्याचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. म्हणजे कोलोनमध्ये ज्यू हे काही उपरे नव्हते. तरीही १३४९ मध्ये त्यांची कत्तल झाली. काही दशकांनी त्यांना परत येऊ दिलं आणि १४२४ मध्ये त्यांचा राहण्याचा हक्क पुन्हा न वाढवता कायमचं बाहेर काढलं. त्यांच्यातले काही जण नदी ओलांडून डॉइट्सला आले. इथे आर्चबिशपची सत्ता होती आणि संरक्षणाच्या बदल्यात ज्यूंकडून त्याला पैसा मिळत होता. त्याने ठेवून घेतलं त्यामागे उदारपणापेक्षा तिजोरी होती. पण राहायला जागा मिळाली, प्रार्थनामंदिर उभं राहिलं, एक समाज टिकून राहिला.

पुढची पावणेचारशे वर्षं कोलोनमध्ये एकाही ज्यूला घर करता आलं नाही. व्यापारासाठी पलीकडे जायचं तर परवाना आणि शुल्क, आणि रात्र मुक्कामाला मनाई. समोरच्या बाजारात दिवसा माल विकायचा आणि अंधार पडायच्या आत नदी ओलांडून परत यायचं. डॉइट्सच्या कितीतरी पिढ्यांनी कोलोनला असंच पाहिलं असेल. फेब्रुवारी १७८४ मध्ये कडक हिवाळ्यानंतर ऱ्हाईनमधला बर्फ फुटला आणि बर्फाच्या शिळा घेऊन आलेल्या महापुराने काठावरच्या वस्त्या झोडपल्या. कोलोनच्या मोजपट्टीवर पाणी १३ मीटरांच्या वर गेलं होतं. त्या पुरात डॉइट्सचं प्रार्थनामंदिर गेलं. समाजाने ते पुन्हा बांधलं.

बदल आला तो बाहेरून. १७९४ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी डावा काठ घेतला, तिथे फ्रेंच कायदा लागू झाला आणि १७९८ मध्ये एक ज्यू कुटुंब कोलोनमध्ये राहायला गेलं. आता उलट झालं. कोलोन फ्रान्समध्ये आणि डॉइट्स त्या हद्दीबाहेर. हळूहळू ज्यू कुटुंबं डॉइट्स सोडून पलीकडे गेली. त्यांच्यातलं एक ओफेनबाखचं. इसाक नावाचा गायक-वादक ओफेनबाख गावाहून १८०२ मध्ये डॉइट्सला आला, १८१६ मध्ये कोलोनला गेला आणि तिथे १८१९ मध्ये त्याला झालेला मुलगा पुढे पॅरिसमध्ये ऑपेरेटाचा राजा झाला, जाक ओफेनबाख. घरं पलीकडे गेली तरी कबरी इथेच राहिल्या. सतराव्या शतकाच्या शेवटी आर्चबिशपकडून मिळालेल्या जमिनीवरची डॉइट्सची दफनभूमी १९१८ पर्यंत कोलोनच्या ज्यूंनीही वापरली. इसाक ओफेनबाख तिथेच आहे. समाजवादी विचारवंत मोझेस हेस यालाही १८७५ मध्ये तिथेच पुरलं आणि १९६१ मध्ये त्याचे अवशेष इस्रायलला नेले. राहायला जागा नाकारणाऱ्या शहराने मेलेल्यांची जागाही समोरच्याच काठावर ठेवली, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार अस्वस्थ करणारं वाटतं.

रूळ आणि इंजिन

१८१५ मध्ये दोन्ही काठ प्रशिया या जर्मन राज्याकडे आले. प्रशियाने डॉइट्सला तटबंदी घातली, छावणी बसवली. १८४५ मध्ये डॉइट्सहून डुसेलडॉर्फकडे रेल्वे सुरू झाली. गाडी इथेच संपायची, कारण पूल नव्हता. १८५९ मध्ये झालेला पूल थेट कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला रोखून बांधला गेला आणि बंदिस्त लोखंडी जाळीमुळे लोक त्याला उंदराचा पिंजरा म्हणू लागले. त्याच्या जागी आलेला होहेनझोलर्न पूल १९११ चा. जोडप्यांनी कठड्याला लावलेल्या कुलपांमुळे तो आता जगभर ओळखला जातो.

डावा काठ दाटीवाटीचा, तटबंदीने आवळलेला. धूर, आवाज आणि मोठे कारखाने यांना जागा उजव्या काठावर होती. निकोलाउस ऑगस्ट ओटो हा शिक्षणाने अभियंता नव्हता, फिरता विक्रेता होता. १८६४ मध्ये ऑयगेन लांगेन या उद्योजकाबरोबर त्याने कोलोनमध्ये इंजिनांची कंपनी काढली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या वायूवर चालणाऱ्या इंजिनाला सुवर्णपदक मिळालं, मागणी वाढली आणि १८६९ मध्ये कारखाना डॉइट्सला हलला. १८७२ पासून तिथे तांत्रिक प्रमुख होता गॉटलीब डाइम्लर आणि त्याच्याबरोबर विल्हेल्म मायबाख. १८७६ मध्ये ओटोने चार ठोक्यांचं इंजिन चालवून दाखवलं. हवा-इंधन आत ओढणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं, असे चार टप्पे. आपल्या रस्त्यावरची मोटारसायकल आणि रिक्षा आजही याच क्रमाने श्वास घेते. १८८६ मध्ये न्यायालयाने ओटोच्या पेटंटचा मुख्य हक्क काढून घेतला, कारण एका फ्रेंच अभियंत्याने हे तत्त्व आधीच कागदावर मांडलं होतं. त्यामुळे बाकीच्यांना वाट मोकळी झाली. डाइम्लर तर १८८२ मध्येच भांडून बाहेर पडला होता.

जगाच्या वाहतुकीला वळण देणारं यंत्र या वस्तीत घडलं आणि तरीही डॉइट्स श्रीमंत झालं नाही. कामगारांच्या चाळी इथे उभ्या राहिल्या. १ एप्रिल १८८८ रोजी डॉइट्स कोलोनमध्ये विलीन झालं आणि नगरपालिका म्हणून असलेला त्याचा आवाजही संपला. उजव्या काठाला कोलोनच्या बोलीत ‘शेल झिक’, म्हणजे तिरळी, वाईट बाजू, म्हणायची रीत होतीच, आणि त्या म्हणण्यात आदर नव्हता.

प्रदर्शनाचं मैदान

विलीनीकरणानंतर कोलोनला नदीकाठची मोकळी जमीन मिळाली. १९१४ मध्ये तिथे जर्मन वेर्कबुंड या कलाकार-उद्योजकांच्या संघटनेचं प्रदर्शन भरलं. ब्रूनो टाउटचा काचेचा मंडप आणि वॉल्टर ग्रोपियसचा नमुना कारखाना आजही वास्तुकलेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. महायुद्ध सुरू झालं आणि प्रदर्शन ऑगस्टमध्येच बंद पडलं. युद्धानंतर महापौर कोनराड आडेनाउअर यांनी इथे कायमचं प्रदर्शन संकुल, ‘मेसे’, उभारलं. मे १९२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी त्याचं उद्घाटन केलं. १९२८ च्या ‘प्रेसा’ या वृत्तपत्र आणि छपाई प्रदर्शनाला लाखो लोक आले. त्या वेळी बांधलेला मनोरा आणि नदीकाठच्या लांबलचक विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत. आपल्याकडचे अन्नप्रक्रिया उद्योजक ‘अनुगा’ मेळ्याला जातात तो भरतो याच संकुलात, आणि ‘कोलोन मेसे/डॉइट्स’ हे स्टेशनाचं नाव त्यांच्या ओळखीचं असतं.

याच दालनांचं पुढे जे झालं ते वाचताना हात थांबतो. मोठी बंदिस्त जागा, तिच्याभोवती कुंपण, शेजारी रेल्वे स्टेशन. प्रदर्शनासाठी सोयीची असलेली हीच रचना नाझींना माणसं गोळा करून पाठवायला सोयीची वाटली. मे १९४० मध्ये सुमारे एक हजार सिंती आणि रोमा (ज्यांना जिप्सी म्हटलं जाई) लोकांना मेसेच्या आवारात कोंडून डॉइट्स स्टेशनाच्या खालच्या फलाटांवरून पोलंडला धाडलं गेलं. २२ ऑक्टोबर १९४१ रोजी कोलोनच्या ज्यूंची पहिली गाडी इथूनच पोलंडमधल्या वूचकडे (लॉड्झ) निघाली. मग रीगा, टेरेझीनश्टाट, मिन्स्क. जुलै १९४२ च्या मिन्स्ककडच्या गाडीत कोलोनच्या ज्यू शाळेचे मुख्याध्यापक एरिश क्लिबान्स्की, त्यांचं कुटुंब आणि शाळेतली मुलं होती. मिन्स्कजवळ पोहोचताच त्यांना मारण्यात आलं. १४२४ मध्ये ज्या काठाने ज्यूंना आसरा दिला तोच त्यांच्या शेवटच्या प्रवासाचा फलाट झाला. काठाने काही ठरवलं नव्हतं, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

१९४२ च्या शरद ऋतूत बुखेनवाल्ड छळछावणीची एक शाखा मेसेमध्ये आली. इथले कैदी बॉम्बहल्ल्यानंतर शहरातला राडारोडा उपसत, न फुटलेले बॉम्ब काढत, प्रेतं बाहेर आणत. ऑगस्ट १९४४ मध्ये खुद्द आडेनाउअर यांना पकडून आणलं ते याच आवारात. आपणच बांधलेल्या संकुलात ते कैदी होते. ऑयगेन त्सांडर या कम्युनिस्ट कैद्याने त्यांना तिथून निसटायला मदत केली. हेच आडेनाउअर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर झाले.

६ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्य कोलोनच्या डाव्या काठावर पोहोचलं आणि त्याच दिवशी जर्मन सैन्याने होहेनझोलर्न पूल उडवला. डॉइट्सचा झुलता पूल २८ फेब्रुवारीलाच कोसळला होता. कोलोनचं युद्ध संपलं तरी उजव्या काठाचं महिनाभर चालूच राहिलं. मधे नदी आणि दोन्हीकडे तोफा. पुन्हा एकदा नदी ही हद्द.

या फलाटांची आठवण जागवायला चार दशकं उलटून जावी लागली. १९९० मध्ये कलाकार गुंटर डेम्निग यांनी रोमा आणि सिंतींना ज्या रस्त्यांनी नेलं ते रस्ते रंगाच्या ओळीने डॉइट्सपर्यंत आखले. त्या कामातूनच फुटपाथमध्ये बसवलेल्या नावांच्या पितळी चौकोनांची कल्पना पुढे आली. २०२३ पर्यंत युरोपभर असे एक लाख चौकोन बसले.

बसायचं कुठे तोंड करून

युद्धानंतरचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण क्रम तोच आहे. १९४८ मध्ये जुन्या खांबांवर नवा डॉइट्स पूल झाला. पोलादी पेटीसारखा आडवा तुळईपूल, या प्रकारचा जगातला पहिला मोठा. १९५७ मध्ये मेसेच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान प्रदर्शनासाठी मोठी बाग झाली आणि ती खरोखर लोकांची झाली. डॉइट्सला मिळालेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोलाची वाटते. मग विमान कंपनीचं मुख्यालय आलं, १९९८ मध्ये अठरा हजारांवर लोक बसतील असं इनडोअर स्टेडियम आलं. कारखाने मात्र एकेक करून गेले.

२००४ च्या वादानंतर शहराने डॉइट्सच्या काठावर सुमारे ५०० मीटर लांबीच्या रुंद पायऱ्या बांधल्या. खोदकामात रोमन किल्ल्याच्या भिंती आणि जुन्या चर्चचा पाया सापडला. ते अवशेष आता बघता येतात आणि ते फार चांगलं झालं. संध्याकाळी पायऱ्या भरून जातात. सगळ्यांची तोंडं कॅथेड्रलकडे आणि पाठ डॉइट्सकडे. जागा सुंदर आहे, फुकट आहे, तिथे बसणाऱ्यांचा आनंद खरा आहे. पण आखणीतला हेतू तोच जुना आहे, हेही नाकारता येत नाही.

मग यातून सुटका कशी व्हावी? मला उत्तराची शक्यता दिसते ती वस्तीच्या दक्षिण टोकाला, डॉइट्स बंदरात. १९०७ मध्ये सुरू झालेलं हे मालाचं बंदर. धान्याच्या गिरण्या, भंगार, वाळू-खडी. आता त्या सुमारे ३७ हेक्टर जागेत घरं येत आहेत. आराखडा कोपनहेगनच्या वास्तुविशारदांचा. साधारण ३,००० घरं, ६,९०० रहिवासी, ६,००० नोकऱ्या. जुन्या गिरणीच्या इमारती राखायच्या आहेत. इथे पहिला विचार राहणाऱ्यांचा आहे. गच्चीवरून कॅथेड्रल दिसेलही, पण बंदराचा हौद, शाळा, बागा आणि रस्ते यांचा मध्य बंदरातच आहे.

दोन गोष्टींवर हे ठरणार आहे. पहिली म्हणजे पाणी. १९९३ मध्ये ऱ्हाईन १०.६३ मीटर आणि १९९५ मध्ये १०.६९ मीटर चढली. मोठ्या पुरात हे बंदर पाणी पोटात घेऊन शहराचा ताण हलका करतं आणि घरं झाल्यावरही त्याची ही क्षमता कमी होता कामा नये. म्हणून इमारतींच्या जागा उंचावून, मोकळ्या जमिनी मुद्दाम खाली ठेवायच्या आहेत. म्हणजे समोरच्या काठासाठी पाणी झेलण्याचं काम इथेही सुटलेलं नाही, फक्त या वेळी ते रहिवाशांना सांगून, त्यांची घरं वर ठेवून करायचं ठरलं आहे. दुसरी गोष्ट भाडं. कोलोनच्या नियमानुसार अशा नव्या वस्तीत किमान ३० टक्के घरं सरकारी अनुदानाची, मर्यादित भाड्याची हवीत. उरलेल्या ७० टक्क्यांचा दर नदीकाठाच्या किमतीने ठरला, तर शेजारच्या जुन्या डॉइट्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंवर त्याचा दाब येईल. भूखंड कोणाला आणि कोणत्या अटीवर द्यायचे हे अजून शहराच्या हाती आहे. त्या अटी लिहिताना डॉइट्सचे रहिवासी टेबलाशी असले, तर सतराशे वर्षांत प्रथमच या काठाचा निर्णय या काठावर होईल.